तंबूच्या दांडीची फुंकणी

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आमच्या गल्लीतल्या गाड्यांची डोकी जड होतात. कुणाच्या टपावर सायकली, कुणाच्या टपावर उलटी होडी, कुणाच्या टपावर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी भलंमोठं. समोरच्या घरातला तरुण बाप काल सकाळपासून तंबूचं बोचकं गाडीवर बांधायच्या मागे लागला होता. बायको दारात उभी राहून सूचना देत होती, मुलं मध्येमध्ये लुडबुडत होती आणि हा गाठ मारून पुन्हा सोडत होता. मी खिडकीत चहा घेऊन बसले होते. बाबा रे, एक दोरी मागच्या बंपरलाही बांध, नाहीतर पहिल्याच वळणावर बिऱ्हाड रस्त्यात येईल, असं सांगायला जीभ वळवळत होती. पण या देशात इतकी वर्षं काढल्यावर न मागितलेला सल्ला गिळायला मी शिकले आहे. न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवे गावातल्या आमच्या मराठी मंडळींत ही कला फारशा लोकांना साधलेली नाही.

माझ्यासाठी या आठवड्याला एक वास आहे. ओल्या लाकडाचा धूर, निखाऱ्यात भाजलेलं वांगं, डास पळवायचं मलम आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटा. हे चार वास एका जागी आता कुठे मिळायचे नाहीत, तरी जुलै संपत आला की मला ते येतात. माणसाचं नाक म्हातारं होत नसावं. गुडघे होतात. त्या वासांमागोमाग माझ्या सासूबाई येतात. अंगावर नऊवारी, त्यावर माझ्या नवऱ्याचा, श्रीचा, जुना, कोपरावर विरलेला स्वेटर, आणि पायात नातीचे कॅनव्हासचे बूट. त्या तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. मला त्या फार म्हाताऱ्या वाटायच्या. आज मी त्यांच्याहून कितीतरी मोठी आहे आणि त्या किती तरुण होत्या हे मला आत्ता कळतंय.

ऐंशीचं दशक तेव्हा अर्धंअधिक सरलं होतं. श्रीचा कॉलेजातला एक मित्र इंग्लंडमध्ये स्थायिक झाला होता. त्याचं पत्र आलं. गाडी घेऊन सरळ बोटीत शिरायचं, पलीकडे फ्रान्समध्ये उतरायचं, तंबू ठोकायचा आणि पंधरा दिवस पाव-चीज खात लोळायचं, सगळे जण या, असं त्यानं लिहिलं होतं. श्रीनं ते पत्र तीनदा वाचलं. तो मेकॅनिकल इंजिनिअर. फ्रान्सशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, पण ती बोट त्याच्या डोक्यात शिरली. "अगं वृंदा, गाडी बोटीच्या पोटात जाते! चालवत चालवत! आणि आपण वर डेकवर!" तो मला भाजी चिरताना सांगायचा, आंघोळीहून आल्यावर सांगायचा. आमची मेघना अकरा वर्षांची होती, तिनं शाळेत नुकतंच फ्रेंच घेतलं होतं, त्यामुळे तीही हवेत. सहा वर्षांच्या रोहनला तंबू म्हटल्यावर आणखी काही विचारायचं नव्हतं.

अडलं ते आईंच्या कागदांवर. सासूबाई जानेवारीमध्ये आमच्याकडे आल्या होत्या आणि श्रीनं त्यांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला होता. अर्ज चालू असताना देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं वकिलानं बजावलं होतं. टाकलं तर अर्ज बाद. सप्टेंबरमध्ये मुलाखत होती. त्यात हो म्हटलं की आई कायमच्या आमच्या. श्री दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी नकाशा घेऊन आला. न्यूयॉर्क आणि व्हर्मॉंट यांच्यामध्ये लेक शॅम्प्लेन नावाचं लांबच लांब तळं आहे. त्यावर गाड्या नेणारी बोट चालते. पलीकडे काठावर तंबू ठोकायच्या जागा आहेत आणि तिथे उन्हाळ्यात क्वेबेकची मंडळी झुंडीनं उतरतात, सगळी फ्रेंच बोलणारी. "बोट आहे, तंबू आहे, शेजारी फ्रेंच आहेत. झालं की फ्रान्स! आणि पासपोर्टसुद्धा लागत नाही," तो म्हणाला. अशा वेळी मला त्याचं फार प्रेम यायचं आणि तितकाच रागही यायचा.

आईंबद्दल सांगायला हवं. कराडला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्या घरात त्या खानावळ चालवायच्या. इंजिनिअरिंग कॉलेजची आठ-दहा मुलं दोन वेळा जेवायला येत. कोण परीक्षेच्या दिवसांत जेवत नाही, कुणाला घरची आठवण आली की ताकभात लागतो, कोण आजारी असून सांगत नाही, हे सगळं त्यांना पानं वाढता वाढता कळायचं. श्रीचं शिक्षण त्या स्वैपाकावरच झालेलं. सासरे गेले तेव्हा श्री कराडला गेला आणि येताना खानावळ बंद करवून आला. "आता कशाला कष्ट? मी आहे ना," असं तो म्हणाला. त्यात खोट काढण्यासारखं एक अक्षर नव्हतं. सगळ्या नातेवाइकांनी त्याचं कौतुक केलं. दोन वर्षं आई त्या रिकाम्या घरात बसून राहिल्या आणि मग आम्ही त्यांना इथे आणलं.

इथे त्या गप्प झाल्या. आमच्या अपार्टमेंटच्या खिडकीत बसायच्या आणि पार्किंगमधल्या गाड्या बघायच्या. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं, स्वैपाक मी रविवारी करून फ्रीजमध्ये रचून ठेवायची. त्यांनी काही करायला घेतलं की आम्ही तिघं-चौघं धावायचो. आई राहू दे. आई तू बस. आजी, आय विल डू इट. त्या "बरं" म्हणायच्या आणि बसायच्या. त्या सहा महिन्यांत मी जितके "बरं" ऐकले तितके जन्मात ऐकले नसतील. चहा घ्या, बरं. फिरायला जाऊ, बरं. नको जायला आज, बरं. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. ओळखीच्या डॉक्टरकाकांना दाखवलं, ते म्हणाले, सगळं नॉर्मल आहे.

अर्ज मी भरला होता. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून माझं अक्षर सुवाच्य झालं होतं, म्हणून घरातले सगळे फॉर्म माझ्याकडे यायचे. व्यवसायाच्या रकान्यात मी "काही नाही" असं लिहिलं. जिने दहा-दहा मुलांना दहा-दहा वर्षं जेवू घातलं तिच्या नावापुढे मी हे लिहिलं आणि मला काहीच वाटलं नाही. सही करताना त्यांनी एवढंच विचारलं, "कशाचं आहे हे?"

"इथे राहायचंय ना तुला, त्याचं," श्री म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि श्रीनं बोट दाखवलं तिथे सही केली.

आणि आता इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू? त्या कायमच्या राहणार याचं मला ओझं झालं होतं. दोन बेडरूमचं घर, माझी नोकरी, आणि संध्याकाळी दार उघडलं की खिडकीतली ती पाठ. त्या मला एका शब्दानं बोलत नसत, तरी त्या पाठीनं मला दिवसभराचा हिशेब मागितल्यासारखं व्हायचं. त्यांनी परत जायचं म्हणावं, असं मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल. वर तोंडानं "आई आल्यापासून घर भरलंय" असंही म्हणत होते.

तर आमची जुनी स्टेशन वॅगन निघाली. टपावर तंबू, मागे कूलर, तांदूळ, डाळ, आईंनी येताना कराडहून आणलेलं आणि अजून कुणी हात न लावलेलं ज्वारीचं पीठ. वाटेत एका शेतकऱ्याच्या टपरीवर काळीभोर वांगी दिसली, ती मी घेतली. धक्क्यावर आलो तर बोट लागलेलीच होती. श्रीनं गाडी आत घातली तेव्हा त्याचा चेहरा रोहनपेक्षा लहान दिसत होता. पाण्यावरचा वारा, लोखंडाच्या फळीवर टायरांचा खडखडाट, पुढच्या गाडीला नाक लावून उभी राहिलेली आमची गाडी. "आई, तू बस हं दोन मिनिटं, मी आलोच," म्हणून तो मुलांना घेऊन इंजिनाचा आवाज कुठून येतो ते बघायला पळाला. मीही कॅमेरा घेऊन वर गेले. पाणी निळंगर्द होतं, मागे न्यूयॉर्कचे डोंगर, पुढे व्हर्मॉंटचे. मी रीळ अर्धं संपवलं. तासाभरानं पलीकडचा काठ आला तेव्हा आम्ही खाली उतरलो, तर आई गाडीत बसलेल्या. सीट बेल्ट लावलेला, हात मांडीवर. दोन्ही बाजूंना दुसऱ्या गाड्यांची दारं. त्यांनी पाण्याचा थेंबसुद्धा पाहिला नव्हता.

"अगं आई, वर का नाही आलीस?" श्रीनं विचारलं.

"बस म्हणालास ना," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तंबू ठोकेपर्यंत पाऊस आला आणि सगळं भिजवून गेला. तिथल्या शेकोटीच्या जागा दगडांनी बांधलेल्या होत्या, वर लोखंडी जाळी. आईंनी ती बघितली, वाकून आत बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही चूलच की गं." मी हो म्हटलं. "घरी विजेची शेगडी आहे ना आपल्या?" मी पुन्हा हो म्हटलं. "मग तीनशे मैल येऊन चुलीवर करायचं?" महिन्याभरात त्या एवढं बोलल्या नव्हत्या. श्री समजावायला लागला की आई, हे एन्जॉय करायचं असतं, नेचर असतं. आई म्हणाल्या, "मेल्या चुलीनं वीस वर्षं डोळे खाल्ले माझे. गॅस आला त्या दिवशी मी पेढे वाटलेत."

मग श्रीनं शेकोटी पेटवायला घेतली. पार्कच्या ऑफिसातून आणलेली मोळी बाहेरून ओलीकच्च. त्यानं वर्तमानपत्र लावलं, ते जळलं. लाकडं नाही. त्यानं डबीतलं रॉकेलसारखं काहीतरी ओतलं, भपकन जाळ झाला, भुवया वाचल्या, आणि पुन्हा धूर. त्याच्याजवळ कॅम्पिंगचं एक पुस्तक होतं. त्यातली पानं तो एक एक करून आत सारत होता, आणि मी बघितलं तर शेकोटी कशी पेटवावी हाच धडा जळत होता. रोहन भुकेनं रडायला लागला. मेघना म्हणाली, "डॅडी, कॅन वी गो टु अ मोटेल?" शेजारच्या तंबूतला क्वेबेकचा लालबुंद गृहस्थही आपल्या शेकोटीशी असाच झगडत होता. फ्रेंचमध्ये शिव्या कशा देतात ते मेघनाच्या शाळेत शिकवत नसावेत, पण ते शब्द कुणालाही कळले असते.

आई तंबूच्या दारातल्या छपराखाली खुर्चीत बसल्या होत्या. आम्ही बसवलं होतं तिथेच. धूर त्यांच्याकडे गेला. त्यांनी डोळे पुसले, उठल्या आणि शेकोटीपाशी आल्या.

"श्री, सर बाजूला."

"आई, तू कशाला, मी हँडल करतो."

"सर म्हणते ना."

तो सरला. पदर खोचून त्या उकिडव्या बसल्या आणि आधी सगळी लाकडं बाहेर काढली. एकेक हातात तोलून बघितलं, एकावर एक आपटून आवाज ऐकला. श्रीकडून कुऱ्हाड मागून घेतली आणि दोन लाकडं उभी फोडायला लावली. आतून ती कोरडी, पिवळी निघाली. "ओलं काय ते अंगावरच असतं," त्या म्हणाल्या. जवळच एक पांढऱ्या सालीचं झाड आडवं पडलेलं होतं. त्याची कागदासारखी सुटलेली साल त्यांनी नखानं चिमटली, बोटांत चोळली, वास घेतला. जन्मात न पाहिलेलं झाड ते. "तेलकट आहे. ही धरेल," म्हणाल्या. खाली साल, वर काटक्या, वाऱ्याकडे तोंड ठेवून बाजूनं चिरफाळ्या, आणि ओली लाकडं चुलीच्या अंगाला टेकवून, वाळत घातल्यासारखी. एका काडीत साल पेटली. "फुंकणी दे," त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

फुंकणी कुठली असणार? त्यांनी मान वर करून चहूकडे बघितलं आणि नजर तंबूच्या छपरावर थांबली. उठल्या, छपराची ॲल्युमिनिअमची दांडी खालून ओढली, तिचा एक तुकडा सोडवला, डोळ्याला लावून आरपार बघितलं. छप्पर रोहनच्या अंगावर बसलं. तो रडायचं विसरून हसत सुटला. आई दांडी घेऊन परत बसल्या, गाल भरून तीनदा फुंकलं, आणि चूल पेटली. अशी पेटली की आमच्या सगळ्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. मेघना टाळ्या वाजवत ओरडली, "आजी, यू आर सो कूल!" आईंना कूल म्हणजे गार एवढंच ठाऊक. त्या म्हणाल्या, "गार कुठली, चांगली तापलेय." आणि हसल्या. जानेवारीपासून पहिल्यांदा.

इतक्यात शेजारच्या लालबुंद गृहस्थाची बायको आली. नाव तिचं जिनेट, वय आईंच्याच आसपास, केस आखूड कापलेले, हातात रिकामा तवा. तिनं आमच्या जाळाकडे बोट दाखवलं, स्वतःच्या चुलीकडे दाखवलं आणि खांदे उडवले. मेघना दुभाषी म्हणून पुढे झाली, पण तिला फ्रेंचमध्ये फक्त वार आणि रंग येत होते. दुभाष्याची गरजही नव्हती. बाई विस्तव मागायला आली होती. आई क्षणभर घुटमळल्या. तिन्हीसांजेला घरातलं बाहेर देत नाहीत. मग त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "घर कुठंय इथं, तंबू तर आहे." तंबूभोवती चर खणायची छोटी फावडी घेऊन त्यांनी चार रसरशीत निखारे तिच्यावर घेतले आणि जिनेटच्या चुलीपर्यंत स्वतः चालत गेल्या. तिथेही सालपटं, काटक्या, फुंकणी. ती दांडी त्या हातात धरूनच परत आल्या.

त्या संध्याकाळी आम्ही वांग्याचं भरीत आणि बिडाच्या तव्यावरच्या भाकऱ्या खाल्ल्या. ओट्याशिवाय, पोळपाटाशिवाय, ताटातच थापलेल्या भाकऱ्या. श्री खाली मान घालून जेवत होता. चौथी भाकरी घेताना त्यानं बाहीनं डोळे पुसले. "धुरानं," तो म्हणाला. आई त्याला वाढत राहिल्या. मी जेवता जेवता त्यांचे हात बघत होते. सहा महिने मांडीवर पडलेले हात ते हेच, यावर विश्वास बसत नव्हता.

पुढचे आठ दिवस माझ्या आठवणीत वेगळे काढता येत नाहीत. पहाटे जाग यायची ती फुंकणीच्या आवाजानं. तळ्यावर धुकं असायचं, त्यातून बदकं बाहेर यायची. आई भांडी राखेनं घासायच्या, आणि पार्कचा तरुण कर्मचारी ते बघून काही बोलावं की न बोलावं या विचारात उभा राहायचा. मग तो चहा प्यायला थांबायला लागला. जिनेट रानातली ब्लूबेरी आणायची, आई तिला कांद्याची थालीपिठं द्यायच्या. दुपारी दोघी लाकडी बाकावर बसून शेंगा निवडायच्या. एक मराठीत बोलायची, एक फ्रेंचमध्ये, आणि योग्य जागी दोघी हुंकार भरायच्या. आमचं छप्पर एका कोपऱ्यात शेवटपर्यंत लोंबत राहिलं, कारण दांडी आईंनी परत दिली नाही.

अशाच एका दुपारी मी तंबूत आडवी झाले होते. श्री मुलांना घेऊन पोहायला गेला होता. कापडापलीकडे आईंचा आवाज येत होता, सावकाश, नेहमीचा. मी आधी लक्ष दिलं नाही.

"मुलगा चांगलाय माझा," त्या जिनेटला सांगत होत्या. "सून पण गुणाची. थकून येते बिचारी, तरी चहा करून हातात देते. काही कमी नाही बघ मला. पण राहतेस का म्हणून विचारलं नाही गं कुणी. तिकडची खानावळ बंद केली, तेव्हा पण नाही विचारलं. चांगल्यासाठीच केलं, म्हणून मला बोलता पण येईना. वाईट वागले असते तर भांडले असते मी."

जिनेटनं काहीतरी म्हटलं, मऊ आवाजात. शेंगा तडतडत राहिल्या.

"आणि सुनेला मी नकोय तिथं," आई म्हणाल्या. "तिचं चुकत नाही. मलाच मी नको झाले होते."

मी तंबूच्या निळ्या कापडाकडे बघत पडून राहिले. त्यातून ऊन गाळून येत होतं, आणि माझ्या कानशिलांवरून पाणी ओघळत होतं. सहा महिने मी मनात झाकून ठेवलेली गोष्ट त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. त्या एका अनोळखी बाईला ती सांगत होत्या, कारण तिला ती कळणार नव्हती, आणि तरीही माझी बाजू घेऊन सांगत होत्या. बाहेर जाऊन त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. मी गेले नाही. झोपेचं सोंग करून पडून राहिले. माझ्या भित्रेपणाची दुपार म्हणून ती मला लख्ख आठवते.

आमची मेघना आता शिकागोत असते. ती मला फोनवर विचारते, "आई, डू यू वॉन्ट टु कम लिव्ह विथ अस?" मी म्हणते, नको गं अजून. ती म्हणते ओके, आणि दोन-तीन महिन्यांनी परत विचारते. पोरीच्या मराठीचं मी काही करू शकले नाही. पण विचारायचं असतं हे ती कुठून शिकली असेल, याचा मला अंदाज आहे.

परतीच्या बोटीवर श्री पुन्हा मुलांना घेऊन इंजिनाकडे पळाला. मी गाडीचं दार उघडलं आणि म्हटलं, "आई, वर चला." त्या आल्या. वारा खूप होता. पातळ फडफडत होतं. एका हातानं पदर आणि एका हातानं कठडा धरून त्या पाण्याकडे बघत राहिल्या. केवढं पाणी, असं दोनदा म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वृंदा, मी परत जाते कराडला. तुला आधी सांगते. तो रडेल."

याच वाक्याची मी सहा महिने वाट बघितली होती. ते आलं आणि मला नको झालं.

"आई, थांबा ना," मी म्हणाले. "खरंच थांबा. मी मनापासून म्हणतेय."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. माझ्या हातावर हात ठेवला. राखेनं खरखरीत झालेला. "आठ दिवसांपूर्वी म्हणाली असतीस तर मी थांबले असते. कुठं जाण्याचं बळच नव्हतं अंगात. आता आहे. इथं राहिले तर तुम्ही मला सांभाळाल. फार चांगलं सांभाळाल. तेच नको मला. सहा मुलं घेईन जेवायला, जास्त नाही."

आम्ही दोघी वारा खात उभ्या राहिलो. मला त्या आवडायला लागून जेमतेम आठवडा झाला होता. एखादं माणूस उशिरा आवडायला लागलं की फार हळहळ वाटते, ती कुणाला सांगताही येत नाही.

श्री जिना चढून वर आला. दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन, मागे मुलं. चेहरा उन्हानं रापलेला आणि खुशीत. "आई, काय मजा आली ना? पुढच्या वर्षी परत यायचं. दर वर्षी यायचं!"

"येईन की," आई म्हणाल्या. "बोलाव, म्हणजे येईन."

तो हसत होता तो थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. एरवी त्याला गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, पण शेवटी तो त्यांचाच मुलगा. आइस्क्रीम त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मग वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "आई, तुला काय हवंय गं?"

आईंनी त्याच्याकडे बघितलं. पदराच्या टोकानं आधी त्याचं कोपर पुसलं, मग मनगट.

"आत्ता हे आइस्क्रीम दे, गळतंय," त्या म्हणाल्या. "आणि मग मला घरी पोचव."